घरकुल मंजूर, घर अर्धवट!

घरकुलाच्या यादीत नाव आले की आमच्या वस्तीत पेढे वाटले जातात. सरपंचापासून आमदारापर्यंत सगळे हात हातात घेऊन फोटो काढतात. मंजुरीपत्र घेतलेल्या माणसाचा आनंद खोटा नसतो, त्याने त्या कागदासाठी दहा-दहा वर्षे वाट पाहिलेली असते. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्यात केंद्रीय गृहमंत्र्यांच्या उपस्थितीत राज्यातील २० लाख लाभार्थ्यांच्या मंजुरीपत्रांचा सोहळा झाला. टाळ्या झाल्या, आकडे जाहीर झाले, मंडप उतरला. मंजुरीपत्रांची मोजदाद करणारे सरकार त्या कागदापासून घराच्या उंबरठ्यापर्यंत माणूस कसा पोहोचतो, याची मोजदाद कधी करणार, हा आमचा प्रश्न आहे.

बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यातले उमापूर हे महसूल मंडळाचे ठिकाण असलेले मोठे गाव. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी वाहते, जायकवाडीचा उजवा कालवा याच तालुक्यातून पुढे माजलगावकडे जातो. म्हणजे नदी आहे, कालवा आहे, वाळू आहे. तरी उमापूर आणि त्याच्या आजूबाजूच्या गावांत बौद्धवस्तीतून, मातंगवस्तीतून, भटक्यांच्या पालाशेजारून चालत जा. जोत्यावर थांबलेली घरे दिसतील. चार भिंती आणि लिंटेल झालेले, वर आकाशाकडे तोंड करून गंजत उभ्या सळया, आत बाभळीचे रोप उगवलेले, अशीही घरे दिसतील. शेजारी पत्र्याच्या खोलीत तेच कुटुंब राहते आहे. आणि ज्यांचे घर कागदावर ‘पूर्ण’ झाले, त्यांच्या घरात जाऊन पाहा. भिंतीला गिलावा नाही, खाली फरशी नाही, शौचालयाला दार नाही. विजेचा एक बल्ब शेजारच्या घरातून ओढलेल्या वायरीवर.

हे पाहिले की गावातली शहाणी माणसे म्हणतात, झेपत नाही तर स्लॅब कशाला टाकता? पत्रे टाका, मोकळे व्हा! हे म्हणणाऱ्यांना मराठवाड्याचा इतिहास माहीत नाही किंवा माहीत असून विसरायचा आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्याच्या खेड्याखेड्यांत आमच्या वस्त्या पेटवण्यात आल्या. कुडाच्या भिंती, गवताचे आणि पाचटाचे छप्पर, धान्याची कणगी, सगळे एका काडीत गेले. माणसे लेकराबाळांसह शहराच्या आसऱ्याला गेली, कित्येक परत आलीच नाहीत. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, पण ज्यांनी आपले घर जळताना पाहिले त्यांच्या डोळ्यांतून ते गेले नाही. स्लॅबचे घर हा आमच्या माणसाचा बडेजाव नाही. स्लॅबला काडी लागत नाही, हे त्याने शिकलेले आहे. मे महिन्यात बीडच्या उन्हात पत्र्याखाली काय होते ते तर वेगळेच. म्हणून तो पोटाला चिमटा घेऊन, कर्ज काढून, पण स्लॅबच टाकायला पाहतो. त्याच्या या हट्टाला आमचा पाठिंबा आहे. भांडण आहे ते त्याला अर्ध्यावर सोडणाऱ्या रचनेशी.

ही रचना कशी आहे ते जरा तपशिलात पाहू, कारण तपशिलातच आमची फसवणूक आहे.

इंदिरा आवास योजना १९८५-८६ मध्ये सुरू झाली. सपाट भागात घरामागे केंद्राचे धोरण २००४ मध्ये २५ हजार, २०१० मध्ये ४५ हजार आणि २०१३ मध्ये ७० हजार रुपयांचे होते. २०१६ मध्ये तिचे नाव प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) झाले आणि रक्कम १ लाख २० हजार झाली. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाने २००८ मध्ये रमाई आवास योजना आणली, तीही ग्रामीण भागात याच मापाने चालत आली. शौचालयाचे १२ हजार धरून १ लाख ३२ हजार. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने आणखी दोन कोटी घरांना मंजुरी दिली, तेव्हाही रक्कम १ लाख २० हजारच ठेवली. २०१६ ची रक्कम, २०२४ चे सिमेंट! एप्रिल २०२५ मध्ये राज्याने प्रधानमंत्री आवासच्या दुसऱ्या टप्प्यासाठी ५० हजारांची भर जाहीर केली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौर संचासाठी. म्हणजे ज्या छतासाठी पैसे पुरत नाहीत, त्या छतावर ठेवायच्या वस्तूचे पैसे आधी जाहीर. केरळ सरकार आपल्या लाइफ मिशनमध्ये घरामागे ४ लाख देते. आपले राज्य काही केरळपेक्षा गरीब नाही.

आता घराचा हिशेब. योजनेचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. एवढ्या घराला कॉलम-बीम घेऊन स्लॅब टाकायचा तर शंभर ते सव्वाशे पोती सिमेंट आणि आठशे ते हजार किलो सळई लागते. हा हिशेब कोणताही मिस्त्री बोटांवर करून देईल. पोते साडेतीनशेला आणि सळई साठ रुपये किलोने धरली, तरी फक्त सिमेंट-लोखंडाचे ८५ हजार ते लाख रुपये होतात. मग उरलेल्या वीस-पंचवीस-तीस हजारांत सहा-सात हजार विटा, खडी, मुरूम, पाणी, सेंट्रिंगचे भाडे, मिस्त्रीची मजुरी, दारे, खिडक्या आणि वाहतूक बसवायची! ज्या अधिकाऱ्यांनी हे गणित सोडवले त्यांनी त्याच पैशात स्वतःसाठी एखादी खोली बांधून दाखवावी. मोटारीच्या गॅरेजचीही आम्ही हरकत घेणार नाही.

पण रकमेपेक्षा मोठी खोट हप्त्याच्या क्रमात आहे. पहिला हप्ता १५ हजारांचा. त्यात जोते उभे करून दाखवायचे. मोबाईलवर फोटो काढला जातो, तो ठिकाणासह चढवला जातो, आणि मग पुढचा हप्ता. तसेच लिंटेलला, तसेच शेवटी. म्हणजे काम आधी आणि पैसा मागून. ज्याच्याकडे आधी लावायला पैसा आहे त्याच्यासाठी ही व्यवस्था ठीक आहे. ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठीच तर घरकुल योजना आहे ना? मग त्याने जोत्याचे पैसे आणायचे कुठून?

उमापूरच्या शिवारासारख्या काळ्या जमिनीत जोते म्हणजे काय, हे कार्यालयात बसणाऱ्याला सांगावे लागते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला की दोन-तीन वर्षांत भिंतीला आडवी-तिरपी चीर पडलीच म्हणून समजा. म्हणून माती काढत मुरमापर्यंत जावे लागते. मुरूम कुठे चार फुटांवर लागतो, कुठे सात फुटांवर. तिथून वर दगड, काँक्रीट, भर आणि मग जोत्याचा बीम. हा सगळा पैसा जमिनीखाली जातो. फोटोत तो दिसत नाही. जोत्याच्या फोटोत दोन फूट पायावरचे घर आणि सहा फूट पायावरचे घर सारखेच दिसते, हप्ताही सारखाच येतो. मग पैशाने अडलेला माणूस काय करणार? तो पाया आखूड करतो. १९९३ च्या ३० सप्टेंबरला शेजारच्या लातूर-धाराशिव भागात किल्लारीच्या भूकंपाने दगडमातीच्या जड भिंती आणि माळवदे कशी माणसांवर कोसळली, ते मराठवाड्याने पाहिले आहे. त्यानंतर भूकंपरोधक पट्ट्यांची पुस्तके निघाली. लिंटेलचा पट्टा चारही भिंतींवरून सलग फिरला पाहिजे, हे त्या पुस्तकांत लिहिले आहे. आज आमच्या वस्तीत तो दारा-खिडक्यांपुरता तुकड्यात पडतो, कारण पट्टा सलग घेतला तर सळई संपते.

तर जोत्याचे पैसे कुठून येतात? ते मुकादमाकडून येतात. बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा आहे, हे आम्ही वेगळे सांगायला नको. नवरा-बायकोचा एक कोयता, त्या कोयत्यावर मिळते ती उचल. हंगामाच्या आधी, पावसाळ्यातच ती घेतली जाते. पूर्वी ती लग्नासाठी, दवाखान्यासाठी, पोट भरण्यासाठी घेतली जायची. आता घरकुलासाठीही घेतली जाते. शासनाचा हप्ता जोते पूर्ण झाल्यावर येणार, त्या जोत्यासाठी माणूस पुढच्या सहा महिन्यांचे आपले आणि बायकोचे श्रम आधीच विकून बसतो. हंगामात उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. सरकारचा हप्ता आला तो सिमेंटच्या दुकानदाराच्या उधारीत जातो, लिंटेलसाठी पुन्हा उचल. अनुदानाचे घर म्हणता म्हणता माणूस वेठीला बांधला जातो. योजनेत सत्तर हजारांपर्यंत बँकेचे कर्ज घेण्याची सोयही लिहिलेली आहे. वस्तीत जाऊन विचारा, ती किती जणांना माहीत आहे!

याहून वाईट गोष्ट म्हणजे हंगाम. बांधकामाला योग्य दिवस कोणते? पाऊस संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंतचे. त्या काळात आमची माणसे कुठे असतात? पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात, फडाच्या कडेला पाचटाच्या आणि प्लॅस्टिकच्या कोपीत. दिवाळीच्या आगेमागे गाव सोडायचे, मार्च-एप्रिलला परतायचे. ज्यांच्या नावाने पक्के घर मंजूर आहे ती माणसे वर्षातले पाच-सहा महिने कोपीत काढतात. परत आल्यावर हातात जेमतेम दोन महिने, जूनचा पाऊस डोक्यावर. सगळ्या वस्तीला एकाच वेळी मिस्त्री हवा, एकाच वेळी सेंट्रिंग हवे, एकाच वेळी विटा हव्यात. साहजिकच भाव चढतात. मिस्त्री एका घराचा पाया खणून दुसऱ्याच्या लिंटेलवर जातो आणि पंधरा दिवस दिसत नाही. त्यालाही दोष देता येत नाही, त्याचेही पोट याच दोन महिन्यांवर आहे.

आणि हेच दोन महिने पाण्याच्या ठणठणाटाचे! सिमेंटला पाणी नसेल तर ते सिमेंट राहत नाही, राख होते. स्लॅबवर किमान दहा दिवस, खरे तर चौदा दिवस पाणी राहिले पाहिजे. उन्हाळ्यात तर ते सकाळचे संध्याकाळपर्यंत टिकत नाही. २६९ चौरस फुटांच्या स्लॅबवर बोटभर पाणी उभे करायचे तर अडीच-तीन टिपाडे एका दमात लागतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भर घालायची. एप्रिल-मे महिन्यात जिथे प्यायचा हंडा भरायला रांग लागते, तिथे स्लॅबला टिपाड कोण देणार? दिले तर विकत. हे पाणी वाहते कोण, तेही पाहा. फोटोत मिस्त्री आणि लाभार्थी पुरुष असतो. घागरीने शिडी चढून स्लॅबवर पाणी टाकते ती घरची बाई किंवा हंगामाला न जाता मागे राहिलेली म्हातारी. योजनेत घर शक्यतो बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे मंजूर करायचे, असे आहे. चांगलेच आहे. पण तिच्या या घागरींचा दर कोणत्याच अंदाजपत्रकात नाही. ज्यांचे काम या दिवसांत चालू आहे त्यांना एक गोष्ट सांगून ठेवतो. स्लॅबवर मातीची आळी बांधा, वर ओली गोणपाटे अंथरा, निम्म्या पाण्यात काम भागते. भिंती आणि कॉलमलाही गोणपाट गुंडाळा. कॉलमला कोणी पाणी मारत नाही आणि घराचा भार तर त्याच्यावरच असतो.

वाळूची कथा आणखी निराळी. दाराशी गोदावरी असलेल्या तालुक्यातल्या माणसाने वाळूसाठी हात पसरायचे, हा कसला न्याय? २०२३ च्या वाळू धोरणात ६०० रुपये ब्रासची घोषणा झाली. एप्रिल २०२५ च्या धोरणात घरकुलाला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचे ठरले. पाच ब्रास म्हणजे पाचशे घनफूट. २६९ चौरस फुटांच्या घराला गिलाव्यासह जवळजवळ तेवढीच लागते, तेव्हा आकडा बरोबर आहे. पण ती मोफत वाळू घाटावर मोफत. तिथून दारापर्यंतचे ट्रॅक्टरचे भाडे कोणाच्या खिशातून? आणि पास मिळाला त्या दिवशी घाट चालू असला पाहिजे, ट्रॅक्टरवाला तयार असला पाहिजे. लिलाव घेणाऱ्याच्या गाडीला रात्रीही रस्ता मोकळा असतो, घरकुलवाल्याचे ट्रॅक्टर मात्र दिवसाउजेडी चौकशीला थांबते. हा अनुभव एका गावाचा नाही.

जागेचा प्रश्न आम्ही मुद्दाम आतापर्यंत बाजूला ठेवला, कारण त्यावर स्वतंत्र लेख लागेल. थोडक्यात एवढेच की घर बांधायला नमुना नंबर ८ चा उतारा लागतो आणि आमच्या कित्येक वस्त्या पिढ्यान्‌पिढ्या गायरानावर आहेत. गावठाण त्यांचे, गायरान आमचे, ही वाटणी कोणी केली हे सांगायची गरज नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, तो याच जमिनीसाठी. २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढायला सांगितली. त्या निकालाचा धाक दाखवून आमच्या माणसाला नोटीस दिली जाते. पण शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना जमीन दिलेली असेल, तर अपवाद करता येईल, हेही त्याच निकालात लिहिले आहे. नोटीस देणारा ते पान वाचून दाखवत नाही. सरकारी जमिनीवरील १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचा राज्याचा २०१८ चा निर्णय आहे. ज्याला जागाच नाही त्याला जागा खरेदीसाठी अर्थसाहाय्य देणारी योजना आहे, तिची रक्कम ५० हजारांवरून १ लाखावर नेलेली आहे. ही सगळी कागदे वस्तीतल्या शिकलेल्या पोरांच्या मोबाईलमध्ये असली पाहिजेत. जयंतीच्या डीजेच्या चित्रफिती असतात, तशी!

शेवटच्या हप्त्याचे तर काय सांगावे. योजनेच्या दृष्टीने छत पडले, दार-खिडक्या लागल्या, शौचालय उभे राहिले की घर संपले. आमच्या दृष्टीने तिथून घर सुरू होते. आतला गिलावा, शहाबादी फरशी, स्वयंपाकाचा ओटा, मोरीचे सांडपाणी बाहेर नेणारी नाली, विजेचे मीटर, स्लॅबवरचे पाणी उतरायला ढाळ. यातले बरेचसे राहून जाते आणि राहिलेले काम पुढे वर्षानुवर्षे राहते. ढाळ नीट नसेल तर पहिल्याच पावसाळ्यात स्लॅब ठिबकू लागतो आणि माणूस त्या पक्क्या छताखाली पातेली मांडतो. घर ‘पूर्ण’ दाखवण्याची घाई मात्र सगळ्यांना. वरून उद्दिष्ट आलेले असते, मार्चअखेर आलेला असतो. भिंतीवर योजनेचे नाव रंगवून फोटो काढला की काम झाले. आतल्या विटा उघड्या असल्या तरी बाहेर नावाची पाटी हवीच. ग्रामसेवकाचे पदनाम बदलून आता ग्रामपंचायत अधिकारी झाले, आमच्या माणसाचे हेलपाटे तेवढेच राहिले. काही ठिकाणी फोटो चढवण्यासाठी, बिल काढण्यासाठी चिरीमिरी घेतली जाते, हे गावातले शेंबडे पोरही सांगेल. १५ हजारांच्या हप्त्यातून दोन हजार गेले म्हणजे पायातले चार-पाच पोती सिमेंट गेले.

या योजनेला रमाईंचे नाव आहे, म्हणून थोडे राजगृहाबद्दल. माता रमाईंनी संसाराची उमेदीची वर्षे परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांत काढली. बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत दोन भूखंड घेतले. त्यांपैकी एकावर राजगृह उभे राहिले आणि दुसऱ्यावर चारमिनार. बांधकाम १९३१ मध्ये सुरू होऊन १९३३ मध्ये पुरे झाले. तो काळ कोणता, ते आठवा. गोलमेज परिषदा, पुणे करार, विलायतेच्या वाऱ्या. अशा धामधुमीत आणि कर्ज काढून हे घर बांधले गेले, ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. बॅरिस्टर झालेल्या, जगभर नाव झालेल्या माणसालाही घराचे कर्ज सुटले नाही. पुढे १९४१ मध्ये चारमिनार विकावी लागली. आणि रमाई? २७ मे १९३५ ला त्यांचे राजगृहातच निधन झाले. स्वतःच्या घरात त्यांना जेमतेम एक-दोन वर्षे मिळाली. त्यांच्या नावाच्या योजनेतली बाई घर अर्धवट टाकून ऊस तोडायला जाते, आणि या योजनेचे जाहिरातफलक त्यांच्या फोटोसह चौकात लागतात. ही विटंबना आम्हाला बोचते. ७ जुलै २०२० ला राजगृहावर समाजकंटकांनी हल्ला केला, तेव्हा सारा समाज पेटून उठला. उठायलाच हवे होते. तोच समाज गावातल्या रमाईच्या घरकुलासाठी पंचायत समितीच्या दारात दहा माणसे घेऊन उभा राहतो का, हे मात्र विचारलेच पाहिजे.

आमच्या मागण्या शासनाकडे आहेत आणि चळवळीकडेही. शासनाने रक्कम वाढवावी हे तर सगळेच म्हणतात, आम्हीही म्हणतो. पण उद्या रक्कम दुप्पट केली आणि हप्त्याचा क्रम हाच ठेवला, तर मुकादमाची उचलही दुप्पट होईल. म्हणून पहिला हप्ता जोत्याचा खरा खर्च भागेल इतका मोठा आणि काम सुरू होण्याआधी दिला पाहिजे. काळ्या जमिनीतल्या पायासाठी वेगळी रक्कम हवी. डोंगरी भागाला दहा हजार जास्त देता येतात, तर काळ्या मातीला का नाही? स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना कामाची मुदत हंगाम सोडून मोजावी. एप्रिल-मे महिन्यात टँकर मंजूर करताना वस्तीतल्या चालू बांधकामांचे पाणी त्यात धरावे. हे काही क्रांतिकारक मागणे नाही. एक परिपत्रक काढले तरी होण्यासारखे आहे.

चळवळीला सांगायचे ते थोडे कडू आहे. गावोगाव विहारे उभी राहिली, वर्गणीतून, श्रमदानातून, कोणाच्या हप्त्याची वाट न पाहता. स्लॅब झाला, फरशी झाली, रंग झाला. म्हणजे वस्तीला बांधता येते! मग विहार समितीने एक सेंट्रिंगचा संच का घेऊ नये? तीनशे चौरस फुटांच्या स्लॅबला पुरतील एवढ्या प्लेटा, बल्ल्या आणि टेकू. एकदा घेतले की वर्षानुवर्षे वस्तीतल्या प्रत्येक घराला फिरतील, बाहेरच्या भाड्याचे पैसे वाचतील आणि मुख्य म्हणजे सेंट्रिंगवाल्याच्या तारखेसाठी ताटकळावे लागणार नाही. दहा घरांचे सिमेंट एकत्र उचलले तर दुकानदार भावात सोडतो. एकेकट्याने उधारीवर नेले तर तोच चढवून लावतो. स्लॅबच्या दिवशी पूर्वी शेतात इर्जिक करायचे तशी दहा घरची माणसे लागली तर मजुरी वाचते, जेवण तेवढे घालावे लागते. आणि वस्तीत आता स्थापत्याचा डिप्लोमा झालेली, आयटीआय झालेली पोरे-पोरी आहेत. त्यातल्या एकाने पाया भरण्याआधी खड्ड्यात उतरून मुरूम लागला की नाही एवढे पाहिले, सळई बांधून झाल्यावर एकदा मोजली, तरी पुढच्या वीस वर्षांच्या चिरा वाचतील. त्यासाठी वेगळ्या संघटनेची, पदाधिकाऱ्यांची, लेटरपॅडची गरज नाही. लेटरपॅड आपल्याकडे पुष्कळ झाली.

उमापूर परिसरातल्या कार्यकर्त्यांनी एक वही करावी. वस्तीतल्या प्रत्येक घरकुलाचे एक पान. मंजुरी कोणत्या वर्षाची, कोणता हप्ता कोणत्या तारखेला आला, काम कुठे थांबले, का थांबले, उचल किती, उधारी किती. सरकारकडे मंजुरीचा आकडा आहे, आपल्याकडे थांबलेल्या घरांचा असू द्या. ही वही ग्रामसभेत ठेवायची. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला आमची निम्मी वस्ती फडात असते, त्या दिवशी काय ठराव होतात ते आम्हाला नंतर कळते. १ मे ला माणसे गावात असतात, तेव्हा वाळूचे पास आणि पाण्याचे टँकर यांचा विषय घ्यावा. आणि २ ऑक्टोबरची ग्रामसभा ही ऊसतोडीला गाड्या भरण्याआधीची शेवटची. जोत्याच्या हप्त्यांची थकबाकी नावानिशी आणि तारखेनिशी त्या सभेच्या इतिवृत्तात नोंदवून, सहीशिक्क्याची नक्कल हातात घेऊनच माणसांनी कोयते बांधावेत.